कार्डवाली दीदी

हातात आलेलं प्रत्येक कार्ड त्या आधी उजेडाकडे धरायच्या. काउंटरसमोर कितीही रांग असो, त्या कार्ड घेऊन खिडकीशी जात, मान जरा तिरकी करत आणि ते उन्हात धरून बघत राहत. पातळ प्लॅस्टिकच्या आत तांब्याच्या तारेचे पुसट वेढे दिसत आणि कोपऱ्यात तिळाएवढा एक काळा ठिपका. तो ठिपका म्हणजे चिप. लहान मूल शंखात समुद्र ऐकतं तसं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर असायचं. रांगेतला एखादा कंटाळून म्हणायचा, "दीदी, रिचार्ज हो गया क्या?" त्या तिकडूनच उत्तर द्यायच्या, "हो गया भैया, बस एक मिनट, देख लेने दीजिए." काय बघायचं असायचं, ते विचारायची हिंमत कुणी करत नसे.

जबलपूरच्या सदर बाजारात एका बेकरीच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. शहरातल्या काही मार्गांवर बस चालवणारी एक खासगी कंपनी होती. आता ती नाही. तिकिटाऐवजी मशीनला नुसतं टेकवायचं कार्ड त्या कंपनीनं सुरू केलं, तेव्हा मी तक्रारींच्या काउंटरवर लागले आणि मेश्राम मॅडम कार्ड विभागाच्या मुख्य म्हणून आल्या. त्याआधी त्या पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवत असत. पन्नाशीच्या आसपास वय, सुती कुर्ता, पायांत खेळाचे बूट, अर्धे पांढरे केस घट्ट बांधलेले. ड्रायव्हर-कंडक्टरांपासून फौजी कुटुंबांतल्या बायकांपर्यंत सगळे त्यांना कार्डवाली दीदी म्हणत. मी ताई म्हणायची, त्याचं कारण वेगळं होतं.

आमच्या घरात मराठी पिढ्यान्‌पिढ्या टिकून आहे, पण उंबरठ्याच्या आत. बाहेर पडलं की हिंदी. नोकरीच्या सुरुवातीच्या दिवसांत मी काउंटरवरून आईशी फोनवर हळू आवाजात बोलत होते, हो गं, खाल्ला डबा, वेळेवर खाल्ला. मागून आवाज आला, "खोटं काहून बोलून राहिली? डबा तर तसाच आहे खिडकीत." मी दचकून वळले. ताई चहाचा कप हातात घेऊन उभ्या होत्या. त्या दिवसापासून ऑफिसात आमची एक वेगळी भाषा झाली. माझं मराठी पुस्तकी आणि अडखळतं, त्यांचं विदर्भाकडचं, ऐसपैस. त्यांचे वडील भंडाऱ्याकडून इथल्या खमरियाच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत कामाला आले होते आणि ताईंचं लहानपण तिथल्या क्वार्टर्समध्ये गेलं होतं.

ताई स्वप्नात वावरल्यासारख्या वावरत. वाक्य सुरू करून अर्ध्यावर खिडकीबाहेर बघत बसायच्या आणि आपण दुसऱ्या कामाला लागलो की मागून उरलेलं वाक्य यायचं. चहावर साय धरेपर्यंत कप तसाच राहायचा. खव्याची जिलबी आणून टेबलावर ठेवली तर हात लावायच्या नाहीत आणि संध्याकाळी निघताना "अरे, ही कुणी ठेवली?" म्हणून आनंदानं खायच्या. चुकीच्या बसमध्ये बसून शहराच्या दुसऱ्या टोकाला जाणं हे तर नेहमीचंच. बसच्या ऑफिसातली सगळ्यांत मोठी बाई चुकीच्या बसमध्ये बसते, यावर कंडक्टर लोक हसत. त्याही हसत. म्हणत, "चलो, तो रस्ता पण पाहून झाला."

कार्ड कसं चालतं हे मला त्यांनीच समजावलं. मी विचारलं होतं की याच्यात बॅटरी कुठे असते. त्या म्हणाल्या, "बॅटरी नाहीच. हा झोपलेलाच असतो. खिशात, पर्समध्ये, गादीखाली, कुठंही. मशीनजवळ नेला की मशीनच्या लहरींतून त्याला तेवढी ताकद मिळते अन् तो जागा होतो. मशीन विचारतं, तू कोण. हा उत्तर देतो. अन् परत झोपून जातो."

"किती वेळ जागा असतो?"

"पापणी लवेपर्यंत." खाली बेकरीत पाव भाजल्याचा वास येत होता. "म्हणून भीती वाटते मला," त्या म्हणाल्या. "झोपेतून उठवलेला जीव आहे. कुणीही येऊन विचारलं, अन् यानं समोर कोण आहे हे न ओळखता सगळं सांगून टाकलं, तर? चांगली चिप आधी समोरच्याची परीक्षा घेते. आपली जुनी आहे. स्वस्तात मिळाली म्हणून घेतली. सगळ्या कार्डांना एकच किल्ली लावून ठेवली आहे. एकाचं कुलूप उघडलं की सगळ्या शहराचं उघडलं."

हे त्यांनी मॅनेजर साहेबांनाही सांगितलं होतं, आल्या आल्याच. मॅनेजर साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते. नेहमी घाईत असायचे, त्यांच्या डोक्यावर डिझेल, टायर, संप आणि वरचे लोक एवढं सगळं होतं. ते म्हणायचे, "मैडम, कार्ड बनानेवाली कंपनी ने लिखकर दिया है कि सेफ है." ताई म्हणायच्या, "लिखनेवाले ने कब लिखा था, वो भी देखिए." आणि विषय तिथेच थांबायचा.

एकदा काउंटरवर एक तरुण बाई आली. सदरमधल्या एका शिवणकामाच्या दुकानात कामाला होती. ती बोलली नाही. मोबाइलवर लिहून तिनं माझ्यासमोर धरलं. तिला ऐकू येत नव्हतं. तिनं लिहिलं होतं की माझ्या कार्डात काहीतरी खराबी आहे, मी बसमध्ये चढते तेव्हा सगळे माझ्याकडे बघतात. मी कार्ड मशीनला लावलं. मशीन दोनदा वाजलं. सवलतीच्या पासला दोनदा वाजायचं, साध्या कार्डाला एकदा. कंडक्टरला कळावं म्हणून तशी व्यवस्था होती. त्या बाईला तो आवाज कधी ऐकूच आला नव्हता. तिला फक्त वळलेले चेहरे दिसत होते.

मी ते ताईंना सांगितलं तेव्हा त्या कार्ड हातात घेऊन बसून राहिल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी मॅनेजर साहेबांशी भांडून दोनदा वाजणं बंद करवलं. कंडक्टरला कळायला हवं, हे साहेबांचं म्हणणं त्यांनी मान्य केलं आणि मशीनच्या मागच्या बाजूला, फक्त कंडक्टरला दिसेल असा एक छोटा दिवा बसवून घेतला. संध्याकाळी आम्ही जिना उतरत होतो तेव्हा त्या मधेच थांबल्या. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सुनी, आमच्याकडं आडनाव सांगितलं ना, की समोरच्याच्या चेहऱ्यावर दोनदा वाजतं. लहानपणापासून ऐकून राहिली मी तो आवाज." एवढं बोलून त्या खाली उतरल्या आणि बेकरीवाल्याशी पावाच्या भावावर गप्पा मारू लागल्या. मी वरच्या पायरीवर तशीच उभी होते. त्या पहिल्यांदा आमच्या घरी आल्या होत्या तेव्हा माझ्या आईनं अगदी सहज आडनाव विचारलं होतं, ते मला आठवत होतं.

आणखी एक दिवस असाच लक्षात आहे. बाजारात कापडाचं दुकान असलेले एक गृहस्थ आले. कपडे नीटनेटके, बोलणं गोड. कॉलेजात जाणाऱ्या मुलीचा कार्ड नंबर त्यांनी दिला आणि म्हणाले, महिनाभरात ती कुठे कुठे चढली आणि उतरली तेवढं बघून सांगा. तसं बघता येत असे. दोन कळा दाबल्या की मुलीचा सगळा महिना पडद्यावर आला असता. मी ताईंकडे पाहिलं.

ताईंनी त्यांना खुर्ची दिली. "बैठिए जी. बेटी से पूछा आपने?"

"पूछना होता तो यहाँ क्यों आता? कार्ड में पैसे मैं डलवाता हूँ मैडम."

"पैसे आपके हैं," ताई म्हणाल्या, "लेकिन आना-जाना उसका है. वो हम नहीं देंगे."

गृहस्थांचा आवाज चढला. ओळखी सांगून झाल्या. ताईंनी त्यांच्यासाठी चहा मागवला आणि त्यांच्या शेजारी बसून राहिल्या. चहा संपता संपता ते गृहस्थ अचानक म्हणाले की मुलीची आई गेल्यापासून घरात कुणी कुणाशी बोलत नाही. ताईंनी मान हलवली. म्हणाल्या, "तो आज आप ही शुरू कीजिए. पूछिए मत, पहले अपनी बताइए. दिन भर कहाँ रहे, क्या खाया." ते उठून गेले. पुढे काय झालं ते आम्हाला कळलं नाही. त्या आठवड्यात ताईंनी प्रवासाच्या नोंदींमधून लोकांची नावं काढून टाकायला लावली. नुसते नंबर राहू दिले, आणि नंबरावरून नाव शोधायचं तर दोन अधिकाऱ्यांच्या सह्या लागतील असं करवून घेतलं. साहेब पुन्हा चिडले. ताईंचं एकच म्हणणं होतं, "लोक विश्वासानं टेकवतात. ते कुठं गेले हे त्यांनी आपल्याला सांगितलेलं नाही, आपल्याला ते नुसतं कळून राहिलं आहे."

मग सुमित्रा अम्माचं प्रकरण झालं.

अम्मा नर्मदेच्या ग्वारीघाटावर फुलं आणि नदीत सोडायच्या दिव्यांचे द्रोण विकायची. सकाळी शहरातून झेंडू घेऊन टोपली डोक्यावर आणि बसचा पास कमरेला, असं तिचं वर्षानुवर्षं चालू होतं. आधी कागदाचा पास होता, आता कार्ड आलं. एका सकाळी मशीननं तिचं कार्ड नाकारलं. पडद्यावर लाल अक्षरांत 'बंद' असं आलं आणि कंडक्टरनं तिला भर रस्त्यात टोपलीसकट उतरवलं. ती चालत आमच्या ऑफिसपर्यंत आली. जिना चढून वर आली, टोपली जमिनीवर ठेवली. फुलं सुकली होती. ओरडणं नाही, रडणं नाही. कार्ड काउंटरवर ठेवून म्हणाली, "बिटिया, मशीन कहती है मैं चोर हूँ. तुम देखकर बताओ, हूँ क्या?"

मी पाहिलं तर कार्ड खरंच मुख्य ऑफिसातून बंद केलेलं होतं. कारण असं की एका संध्याकाळी ते कार्ड ग्वारीघाटाच्या बसमध्ये वाजलं होतं आणि त्याच सुमाराला खमरियाच्या बसमध्येही वाजलं होतं. शहराची दोन टोकं. असं पुन्हा पुन्हा झालं होतं. मॅनेजर साहेबांचा निष्कर्ष तयार होता. बाईनं कुठूनतरी पासची नक्कल करून घेतली आहे आणि ती भाड्यानं दिली आहे. पोलिसांत द्यायचं की नुसतं कार्ड जप्त करायचं, एवढाच प्रश्न होता.

ताई साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या तेव्हा मी दारात होते. त्या म्हणाल्या, "सर, आप कहते हैं अम्मा ने नकल बनवाई. और आप ही कहते हैं हमारे कार्ड की नकल बन नहीं सकती. दोनों बातें साथ कैसे चलेंगी?"

साहेब जरा थांबले. "तो आप क्या कहती हैं?"

"एक दिन के लिए ये कार्ड चालू कर दीजिए. बाकी मुझ पर छोड़िए."

त्यांनी अम्माला सांगितलं की तिचं कार्ड एक दिवस त्यांच्याकडे राहील. अम्मानं ते त्यांच्या तळहातावर ठेवलं आणि त्यांची बोटं मिटवली, दोन्ही हातांनी. ताईंनी ते पर्समध्ये ठेवलं आणि पर्सची चेन लावली. त्याच दिवशी दुपारनंतर आम्ही दोघी खमरियाच्या बसमध्ये बसलो, अगदी पुढच्या दारापाशी, जिथून मशीनचा पडदा दिसतो.

फॅक्टरीच्या वस्तीत बस शिरली तशा ताई बदलल्या. सरळ रस्ते, दोन्ही बाजूंना जुनी मोठी झाडं, झाडांमागे एकसारखी क्वार्टर्स. ऊन तिरकं होऊन पानांतून खाली पडत होतं आणि रस्ता पाण्यासारखा हलत होता. ताई बोटानं काच पुसून बाहेर बघत होत्या. "ते आमचं," एका क्वार्टरकडे दाखवून त्या म्हणाल्या, मग जरा पुढे गेल्यावर, "नाही, ते आमचं." पुढच्या वळणावर तिसरंच एक दाखवलं. शेवटी हसल्या. "बाबा घरी आले की आधी फॅक्टरीचा बिल्ला काढून खुंटीला अडकवत. मग आमच्याशी बोलत. बिल्ला असेपर्यंत आम्ही पण बोलायचो नाही. वाटायचं की आत्ता हे बाबा नाहीत, नंबर आहेत."

शिफ्ट सुटली होती. सायकली, स्कूटर आणि माणसांचा लोंढा बाहेर येत होता. आमच्या बसमध्ये माणसं चढू लागली. मशीन वाजत होतं, पडद्यावर नंबर येत होते, जात होते. मग एक मध्यम वयाचा माणूस चढला, हातात डब्याची पिशवी, शर्टाच्या बाहीवर तेलाचे डाग. त्यानं कार्ड टेकवलं. हिरवा दिवा लागला. पडद्यावर आलेला नंबर मी वाचला आणि ताईंचा हात धरला. ताईंनी पर्सची चेन उघडली. अम्माचं कार्ड आत होतं, जसंच्या तसं, आणि ते आत्ताच दारात वाजलं होतं.

मला वाटलं, ताई आता बस थांबवतील. त्यांनी त्या माणसाला आधी बसू दिलं. मग उठून त्याच्या शेजारच्या रिकाम्या सीटवर जाऊन बसल्या. मी मागे उभी राहिले.

"भैया, ये कार्ड कहाँ से बनवाया?"

"रिचार्ज की दुकान से, दीदी. बस अड्डे के पास. बोला स्कीम चल रही है, सस्ता पड़ेगा." मग त्याला काहीतरी कळलं. त्यानं पिशवी छातीशी धरली. "क्या हुआ? नकली है क्या? दीदी, मैं ठेके पर हूँ, पुलिस का नाम भी आया तो गेट पास छिन जाएगा."

"पुलिस नहीं आएगी. कार्ड मुझे दे दीजिए, आज का टिकट मैं ले लेती हूँ."

त्यानं कार्ड दिलं. त्याचं नाव ताईंनी विचारलं नाही. नंतर बराच वेळ ते दोघं शेजारी बसून फॅक्टरीतल्या कुठल्याशा शेडविषयी बोलत होते, जिथे ताईंचे वडील काम करायचे. उतरताना तो माणूस म्हणाला, "दीदी, मुझे सचमुच नहीं पता था." ताई म्हणाल्या, "मालूम है." रिचार्जची ती टपरी दुसऱ्या दिवशी बंद दिसली. चालवणारा गेला तो गेलाच. रिचार्ज करताना लोकांची कार्डं तो एका छोट्या यंत्रावर ठेवायचा आणि त्यांतली माहिती उचलून कोऱ्या कार्डांवर उतरवायचा. अम्मा त्याची गिऱ्हाईक होती.

त्यानंतर कार्ड पुरवणाऱ्या कंपनीची माणसं आली. मोठी बैठक झाली. ताईंनी टेबलावर दोन कार्डं ठेवली आणि म्हणाल्या, यातलं खरं कुठलं ते सांगा. मशीन आणलं. दोन्ही वाजली, दोन्हीला हिरवा दिवा, दोन्हीवर अम्माचा नंबर. एक जण दुसऱ्याकडे बघू लागला. मग ताई उठून खिडकीशी गेल्या आणि एकेक कार्ड उजेडात धरून दाखवलं. एकाच्या आत तारेचे वेढे चौकोनी होते, दुसऱ्याच्या आत गोल. मशीनला तो फरक दिसण्याची सोय नव्हती. मला त्या क्षणी त्यांच्या इतक्या दिवसांच्या उजेडात बघण्याचा अर्थ लागल्यासारखं वाटलं. पुढे विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "छे गं. सुंदर दिसतं म्हणून बघत होते. त्या दिवशी कामी आलं एवढंच."

साहेबांनी विचारलं, नक्कल कुणाकडे सापडली, त्याचं नाव द्या. ताई म्हणाल्या, "उसने ख़रीदा था, ठगा गया. नाम मैंने पूछा ही नहीं." मग साहेबांनी दार लावून घेतलं आणि ही गोष्ट या खोलीबाहेर जाऊ नये असं सांगितलं. आमच्या बस कंपनीचा सरकारी परिवहन खात्याशी असलेला करार पुन्हा व्हायचा होता. त्यासाठी कार्ड विभागाच्या मुख्याची सही हवी होती, कार्ड पूर्ण सुरक्षित आहे असं सांगणारी. साहेब विनवणीच्या सुरात बोलत होते. करार गेला तर ड्रायव्हर, कंडक्टर, आम्ही, सगळे घरी बसणार होतो. ताईंना ते कळत होतं. त्या म्हणाल्या, "आधी अम्मा," आणि आपण मराठीत बोललो हे लक्षात आल्यावर पुन्हा हिंदीत, "पहले अम्मा का कार्ड चालू कीजिए. और माफ़ी आप माँगिए, कंडक्टर से मत मँगवाइए."

साहेबांनी माफी मागितली, हे त्यांच्याविषयी मला सांगायलाच हवं. अम्माला बोलावून घेतलं, काउंटरच्या बाहेर आले आणि हात जोडून म्हणाले, "अम्मा, गलती हमारी थी." अम्मानं त्यांच्याकडे नीट पाहिलं. म्हणाली, "तुमने कह दिया, ठीक है. अब मशीन से भी कहलवा दो." ताईंनी तिचा हात धरून कार्ड मशीनला टेकवलं. मशीन वाजलं, हिरवा दिवा लागला. अम्मा समाधानानं खाली बसली आणि तिनं पाणी मागितलं.

सही मात्र ताईंनी केली नाही. त्यांनी परिवहन खात्याला कळवलं की चिप बदलायला हवी. नक्कल कशी होते ते कुठेही लिहिलं नाही; फक्त होते एवढं, आणि काय केल्यानं थांबेल ते. वर्तमानपत्रवाल्यांनी फोन केले तेव्हा ताईंनी त्यांना चहाला बोलावलं आणि लोकांची कार्डं कंपनीनं फुकट बदलून द्यावीत, एवढंच छापायला सांगितलं. त्यात बातमी आहे असं त्यांच्यातल्या कुणाला वाटलं नाही. करार लांबला. साहेब त्यांच्याशी बोलेनासे झाले. ड्रायव्हर लोकांतल्या काहींनीही नमस्कार करणं सोडलं, आणि ते ताईंना लागलं. एकदा म्हणाल्या, "त्यांचं चूक नाही. त्यांची पोरं शाळेत जाऊन राहिली आहेत." त्यांची खुर्ची डेपोत हलवली, बिघडलेली मशीनं दुरुस्त करायला. तिथेही त्या चहावर साय धरू देत बसत.

शेवटी खात्यानंच कंपनीला चिप बदलायला लावली. नव्या कार्डांत प्रत्येकाला आपली वेगळी किल्ली होती. जुनं द्या, नवं घ्या, पैसे नाहीत, असं ठरलं. तो सगळा हिवाळा आम्ही स्टॉपवर टेबल टाकून बसलो. सकाळच्या धुक्यातून माणसं यायची, शालीतून हात बाहेर काढून जुनं कार्ड द्यायची. ताई प्रत्येकाला नाव विचारून नवं कार्ड हातात देत आणि म्हणत, "संभालिएगा जी." ग्वारीघाटाच्या स्टॉपवर नदीवरून वाफ उठायची, नावाडी हात शेकत बसलेले असायचे आणि अम्मा आमच्या टेबलावर उगीचच झेंडूचा हार घालून ठेवायची. माझ्या नोकरीतले ते सगळ्यांत सुखाचे दिवस. बदल पूर्ण झाला आणि ताईंची नेमणूक पुढे वाढवली गेली नाही. कुणी समारंभ केला नाही. आईनं त्यांना जेवायला बोलावलं, पुरणपोळी केली आणि वाढताना डोळ्याला पदर लावला. ताई म्हणाल्या, "काकू, नागपूर कुठं दूर आहे?" आणि त्या नागपूरला बहिणीकडे राहायला गेल्या.

मध्ये काही वर्षं गेली. फोन व्हायचे, सणावाराला. मग एकदा बहिणीचा फोन आला की ताई बऱ्या नाहीत, येऊन जा. मी गेले तेव्हा दुपार होती. मागच्या खोलीत पलंगावर त्या पडून होत्या, खूप बारीक झालेल्या, आणि खिडकीतून कडुनिंबाची सावली भिंतीवर हलत होती. त्यांनी मला ओळखलं. हात धरून ठेवला. थोड्या वेळानं म्हणाल्या, "जबलपूर कसं आहे?"

मी म्हणाले, "चला, फिरवून आणते. सदरपासून बसू."

"ग्वारीघाटची बस," त्या म्हणाल्या.

मग मी सांगू लागले. बेकरीसमोरून बस निघाली. कँटोन्मेंटचे रुंद रस्ते, शाळा सुटलेली, पोरं रस्ता ओलांडतायत. कटंगा आलं. कटंग्याला कोण चढलं ते त्यांनी विचारलं. मी म्हटलं, दोन कॉलेजच्या मुली आणि एक म्हातारे आजोबा, हातात भाजी. बंदरिया तिराहा आला. ट्रॅफिक होता, थांबलो. मग सुटलो.

"अन् रामपूर काहून सोडलं?" त्या हळूच म्हणाल्या. "घे, थांबव."

मी रामपूरला बस थांबवली. तिथे एक बाई चढली, कडेवर मूल होतं. कुणीतरी उठून तिला जागा दिली. मग रस्ता उतरणीला लागला आणि मी नदीकडून येणाऱ्या वाऱ्याचं सांगू लागले, घाटावरच्या घंटांचं, पलीकडच्या तीरावर जाणाऱ्या नावांचं. त्यांच्या बोटांची पकड हळूहळू सैल होत होती. श्वास संथ चालला होता. बहीण दारात येऊन उभी राहिली आणि तिनं खुणेनं सांगितलं, झोप लागली, असू दे.

त्यानंतर आठवडाभरातच त्या गेल्या. मला त्या दुपारी ते ठाऊक नव्हतं. मी हात सोडवून घेतला नाही. बस शेवटच्या वळणावर होती, आणि त्या झोपेत असल्या तरी मी हळू आवाजात पुढचं सांगत राहिले, घाट येईपर्यंत.